माझ्या नावाचं विधेयक

"अवो, डावीकडनं जरा वर घ्या. म्हाताऱ्याचं नाव वाकडं दिसायलंय!" खालून मालन ओरडली.

मी शिडीवर होतो. हॅडली फोर्क गावच्या बंबखान्याच्या, म्हणजे आगीचे बंब ठेवायच्या जागेच्या, दारावर एक लांबलचक कापडी फलक बांधत होतो. फलक माझ्याच दुकानात छापलेला, निळ्यावर पांढरी अक्षरं. 'ऑर्विल ब्रॅमलेट, काँग्रेससाठी, पुन्हा.' त्यातलं 'पुन्हा' सगळ्यात मोठं घातलं होतं, कारण ब्रॅमलेटसाहेबांच्या प्रचारात सांगण्यासारखं तेवढंच असायचं. काँग्रेस म्हणजे तिकडची लोकसभा. माझ्या आईला मात्र बरीच वर्षं वाटत होतं, की साहेब आपल्याकडच्याच पक्षाचे आहेत आणि पक्षानं अमेरिकेत शाखा काढलीय.

मागच्या अंगणात डुक्कर भाजायचं चाललं होतं. उत्तर कॅरोलिना राज्यात, निदान आमच्या मतदारसंघात, निवडणूक भाजलेल्या डुकरापासून सुरू होते. अख्खं जनावर निखाऱ्यांवर भाजायचं, त्याचं मांस सोलून, व्हिनेगर शिंपडून पावात घालायचं आणि येईल त्याला वाढायचं. जो उमेदवार डुक्कर खिलवत नाही तो पडतो, आणि जो खिलवतो त्याला दुसरं फारसं काही करावं लागत नाही. साहेबांनी हे पहिल्याच निवडणुकीत ओळखलं होतं. त्यानंतर छत्तीस वर्षं ते कधी पडले नाहीत.

"आता सरळ आहे का?" मी विचारलं.

मालनच्या आधी दुसऱ्याच बाईनं उत्तर दिलं. "अँबी, सरळ आहे, पण काढून टाक."

ती लॉरेन होती. साहेबांची गावातली कचेरी तीच सांभाळायची. कचेरी काय, साहेबांनाही तीच सांभाळायची. माझं नाव अंबादास, पण तिथं पहिल्या दिवशीच त्याचं अँबी झालं.

"का? रंग उतरला का?"

"रंग चांगला आहे. त्यातलं 'पुन्हा' तेवढं चुकलंय," लॉरेन म्हणाली. "साहेब आज निवृत्ती जाहीर करणार आहेत. कुणाला बोलू नकोस."

मी शिडीवरून पडलो नाही एवढंच. एका हातात दोरी होती, दुसऱ्या हातात शिडीचा दांडा. खाली मालन माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला इंग्रजी बेताचं यायचं, पण माझं तोंड तिला लगेच वाचता यायचं.

"काय झालं वो?"

"साहेब उभे राहत नाहीत."

"म्हंजे आपलं संपलं?" ती म्हणाली.

आपलं संपलं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

मी इचलकरंजीचा. आमच्या वडिलांचे चार माग होते. त्यातला एक विकून त्यांनी मला कापडाचं तंत्र शिकायला हॅडली फोर्कच्या कॉलेजात धाडलं आणि सोबत नवी नवरीही धाडली, म्हणजे पोरगं बिघडणार नाही. कॉलेजची फीत ब्रॅमलेटसाहेबांनी कापली होती. साहेबांनी फीत कापलेल्या गोष्टी टिकत नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोज्यांची गिरणी, बसस्टँड, बर्फावर घसरायचा हॉल, सगळ्यांच्या फिती त्यांनी कापल्या आणि सगळ्यांना यथावकाश टाळं लागलं. साहेब टाळं लागताना सुद्धा हजर असत. फीत कापताना हसत आणि टाळ्याच्या वेळी रडत, आणि दोन्ही मनापासून. आमचं कॉलेज दुसऱ्याच सत्रात बंद पडलं. प्राचार्य फ्लोरिडाला राहायला गेले. माझा व्हिसा कॉलेजच्या नावावर होता, कॉलेज गेलं तसा तोही गेला, आणि परत जा म्हणून सरकारचा हुकूम आला.

तेव्हा साहेब पुढं झाले. फीत आपण कापली होती म्हणून त्यांना लाज वाटली असणार, असं मी समजत होतो.

त्या देशात एक वेगळीच सोय आहे. एका माणसासाठी आख्खा कायदा करता येतो. साहेबांनी लोकसभेत विधेयक टाकलं, 'अंबादास कुरणे आणि त्यांची पत्नी मालन यांच्या दिलाशासाठी.' हे विधेयक कमिटीपुढं पडून आहे तोवर सरकार आम्हाला हात लावत नसे, उलट पोटापाण्यापुरतं काम करायची मुभाही देत असे. दर दोन वर्षांनी सभागृह बरखास्त झालं की विधेयक मरायचं. नवं सभागृह बसलं की साहेब ते परत टाकायचे. असं चौदा वर्षं चाललं. त्या भिजत घोंगड्यावर आम्ही संसार मांडला. मी कापडावर छपाई करायचं दुकान काढलं, घर घेतलं. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तिकडचीच बोली बोलायला लागली.

अटी दोन होत्या. पहिली सरकारची, की देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की विधेयक मेलं आणि परतीचं दार बंद. दुसरी कुठं लिहिलेली नव्हती, पण ती सगळ्यात मोठी. साहेब निवडून यायला हवे होते. मला मत नव्हतं. पण त्यांच्या विजयासाठी माझ्याइतकी तळमळ त्यांच्या बायकोलाही नसेल. त्यांचे फलक, टोप्या, सदरे मी फुकट छापून देत असे. मालननं तर त्यांच्यासाठी सोळा सोमवार केले होते. त्या व्रतावर निवडून आलेला तो पहिलाच अमेरिकन असावा.

मधे माझे वडील गेले. सकाळी इचलकरंजीहून फोन आला. मी बॅग भरली आणि दारात उभा राहिलो, तेवढ्यात लॉरेनचा फोन आला, "अँबी, गेलास तर मला काही करता येणार नाही." मी बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात ठेवले. संध्याकाळी साहेब स्वतः आले. मतदारसंघातल्या कुणाच्याही मयताला ते चुकत नसत, हीच त्यांची खरी कामगिरी. त्या बाजूला रीत अशी, की दुःखाच्या घरी डुकराची भाजलेली तंगडी घेऊन जायची. साहेबांनी ती आणली. सुतकात घरात डुकराची तंगडी आलेली बघून मालन भिंतीला टेकली. मग मागच्या दारानं जाऊन शेजारणीला देऊन आली. साहेब माझा हात हातात घेऊन तासभर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

निघताना मी विचारलं, "साहेब, आपल्या विधेयकाचं काय?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काम चालू आहे, अँबी."

ते नेहमी हेच म्हणत. कमिटी फार कडक आहे, अध्यक्ष फार तिरसट आहे, पण काम चालू आहे. खांद्यावरचा तो हात जड आणि ऊबदार होता. खरं सांगायचं तर त्या हातावर माझी माया बसली होती.

तेव्हा त्या सकाळी साहेब निवृत्त होणार हे ऐकल्यावर माझ्या पायाखालची जमीन सरकली, यात नवल नाही. त्यांची मुदत संपली की विधेयक मरणार, आणि ते परत टाकायला कुणी नाही. दुकान, घर, पोरीची शाळा, सगळं सोडून आम्हाला विमानात बसवणार.

"बघत काय बसलाय?" मालन म्हणाली. "जावा आनि पाय धरा त्येचं. म्हनावं, आनि एक डाव हुबा ऱ्हा. लोकं शंभर वर्साची हुस्तवर खुर्ची सोडत न्हाईत, ह्येलाच काय धाड भरलीया!"

"ऐंशीच्या पुढं गेलेत ते."

"मग काय झालं? तितं बसायचंच काम हाय न्हवं?"

हे मात्र खरं होतं. साहेबांनी छत्तीस वर्षांत सभागृहात जी काही भाषणं केली, ती एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी होती, आणि त्यातली बरीचशी शेंगदाण्यावर होती. त्यांनी कुणाला दुखावलं नाही, कारण दुखावण्यासारखं ते काही बोललेच नाहीत. पक्ष कोणता हे मी सांगत नाही. त्यांनाही तो कधीकधी लॉरेनला विचारावा लागत असे.

मालननं माझ्या हातात खर्ड्याची बरणी दिली. साहेबांना तिच्या हातचा हिरव्या मिरचीचा खर्डा फार आवडायचा. दर सभेला त्यांच्या ताटाशेजारी बरणी ठेवलेली असायची. "ही दावा म्हाताऱ्याला. म्हनावं, हुबा ऱ्हायला तर दर म्हैन्याला दीन."

साहेब बंबवाल्यांच्या खोलीत होते. बूट काढून, मोजे घातलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांचं इंग्रजी संथ, ओघळणारं होतं, ते मी इथं आपल्या भाषेत सांगतो.

"ये अँबी. बस. बरणी आणलीस वाटतं?"

मी बरणी टेबलावर ठेवली आणि उभाच राहिलो. "साहेब, तुम्ही उभं राहायला हवं. जनतेला तुमची गरज आहे."

"कुठल्या जनतेला?"

"सगळ्याच."

"नाव घे ना एखाद्याचं."

मी विचार केला. "बंबवाल्यांना," म्हटलं.

"त्यांना डुकराची गरज आहे." साहेब हसले. "अँबी, माझे गुडघे गेले. मागच्या महिन्यात सभागृहात मतदानाचं बटण दाबून बाहेर आलो, तर बाहेर कुठं जायचं हेच आठवेना. लॉरेन म्हणाली, आता पुरे."

"आणखी एकच वेळ, साहेब. फलक मी छापतो. टोप्या छापतो. तुम्ही घरी झोपून राहा, आम्ही निवडून आणतो."

"तुझ्या विधेयकाची काळजी वाटते ना तुला?"

माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते त्यांना दिसलं.

"अरे वेड्या, रडू नकोस. लॉरेन मला मारेल, पण सांगतोच." त्यांनी पाय खाली घेतले आणि पुढं वाकले. "झालं तुझं काम. खालच्या सभागृहात पास, वरच्या सभागृहात पास. परवा राष्ट्राध्यक्षांची सही झाली. तू आता हवं तिथं जा, हवं तेव्हा ये. मंचावर जाहीर करणार होतो. टाळ्या पडल्या असत्या."

मी खाली बसलो. खुर्ची कुठं आहे ते न बघताच बसलो, नशिबानं ती मागंच होती. मी त्यांचे दोन्ही हात धरले. काय बोललो आठवत नाही. आईचं नाव घेतलं असावं.

"पण कसं झालं, साहेब? कमिटी तर फार कडक होती."

"कडक कसली! कमिटीचा अध्यक्ष होरेस. गेली वीस वर्षं दर गुरुवारी आम्ही पत्ते खेळतो." साहेबांनी बरणीचं झाकण उघडून बोटभर खर्डा चाखला, डोळे मिटले, उघडले. "आमच्यात रीत आहे. जुना माणूस निवृत्त व्हायला निघाला की कमिटीवाले त्याला निरोपाची भेट म्हणून एखादं काम करून देतात. होरेस म्हणाला, ऑर्विल, काय हवं ते माग, धरण माग, रस्ता माग. मी म्हटलं, आमच्या अँबीचं विधेयक. तर तो मोठ्यानं हसला. म्हणाला, एवढंच? हे तर तू पहिल्याच वर्षी मागितलं असतंस तरी दिलं असतं."

साहेबही हसले. मीही हसलो. सवयीनं हसलो. मग हसणं तोंडावरच राहिलं आणि त्यांचे हात माझ्या हातातून सुटले.

"मग पहिल्या वर्षी का नाही मागितलंत?"

साहेबांनी माझ्याकडं खरोखरच्या आश्चर्यानं बघितलं. शाळेत शिकवलेलं मी विसरलो, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं.

"मागितलं असतं तर ते होऊन गेलं असतं, अँबी."

"म्हणजे?"

"हे बघ, आपल्या नदीवर तू यायच्या आधी मी पूल करून दिला, माहीत आहे ना? पूल होणार, पूल होणार म्हणून पलीकडचे लोक वर्षानुवर्षं मला मतं देत होते. पूल झाला, आणि पुढच्याच निवडणुकीत त्याच पुलावरून गाड्या हाकत ते दुसऱ्याला मत द्यायला आले. तेव्हापासून मी शहाणा झालो. झालेलं काम लोक विसरतात. चालू काम विसरता येत नाही."

"पण मला मत कुठं आहे?"

"तुला नाही. पण तुला बघून देणारे आहेत ना! माणसाला एक तरी लढाई लागते, अँबी. करांवर लढलो तर अर्धे रुसणार. बंदुकांवर लढलो तर उरलेले अर्धे. तुझ्यावर कोण रुसणार? कष्टाळू माणूस, गोड बायको, गोंडस पोरगी, आणि समोर आडमुठं सरकार. छत्तीस वर्षांत मी एवढी एकच लढाई लढलो, आणि ती किती जपून लढलो बघ!"

ते फुशारकी मारत नव्हते. ते मला एक चांगली गोष्ट सांगत होते.

"माझे वडील वारले तेव्हा..." मी म्हणालो.

"मी आलो होतो," साहेब पटकन म्हणाले. "तंगडी घेऊन आलो होतो. चांगली मोठी होती. तुझा हात धरून बसलो होतो. मी कुणाच्याही दुःखाला चुकलो नाही, अँबी, हे उद्या माझ्या थडग्यावर लिहिलं तरी चालेल." आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं.

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण रडणाऱ्या म्हाताऱ्याचा गळा कसा धरायचा? मी उठलो आणि बाहेर आलो.

मालन वाढायच्या टेबलापाशी होती. मी तिला सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. आधी तिनं तोंडावर हात घेतला, "अगं बाई, झालं?" म्हणाली, आणि रडू लागली. मग पुढचं ऐकलं तसं तिचं रडणं थांबलं.

"आनि मामंजींच्या वक्ताला?" तिनं विचारलं.

"तेव्हाही झालं असतं. त्याच्या आधीच झालं असतं."

तिनं पदर खोचला आणि तरातरा बंबवाल्यांच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात बरणी होती.

"ह्ये न्हाई मिळायचं त्येला आता," ती म्हणाली. "तंगडी खा म्हनावं."

तेवढ्यात बँडवाल्यांनी सुरुवात केली. लोक पाव खात खात खुर्च्यांवर बसले. बंबाच्या गाडीचा मागचा भाग, तोच मंच. साहेब वर चढले, दोघांनी मागून आधार दिला. ते निवृत्त होतायत हे ऐकून पुढच्या ओळीतल्या बायका हुंदके द्यायला लागल्या. मग त्यांनी माझं विधेयक जाहीर केलं, आणि टाळ्या, शिट्ट्या, सायरन. "ये अँबी, वर ये!" साहेब म्हणाले.

इथं आणखी एक रीत सांगायला हवी. दर सभेला साहेब मला मंचावर उभं करायचे आणि दोन शब्द माझ्या भाषेत बोलायला लावायचे. मग त्याचा अर्थ तेच लोकांना सांगायचे. त्यांना मराठीचं अक्षरही येत नव्हतं, पण त्यानं त्यांचं कधी अडलं नाही. पहिल्या खेपेला मी म्हटलं होतं, "नमस्कार. मला सभेत बोलायची सवय न्हाई." साहेबांनी सांगितलं, "अँबी म्हणतोय, या पृथ्वीवर अमेरिकेसारखा देश नाही." एकदा पोट बिघडलं होतं, मी तेच सांगितलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा गंमत वाटायची. घरी येऊन मी आणि मालन पोट धरून हसायचो.

मी वर गेलो. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माइक माझ्यापुढं आला. समोर शेदोनशे चेहरे होते, माझ्याच टोप्या घातलेले, आणि सगळ्यांच्या तोंडावर माझ्यासाठी खरा आनंद होता. त्यांचा काही दोष नव्हता. तिसऱ्या ओळीत मालन मांडीवर बरणी घेऊन बसली होती. मी तिच्याकडं बघून बोलायला सुरुवात केली.

"मंडळी, रामराम. ह्यो माझ्या शेजारी हुबा हाय त्यो मानूस, ह्येच्या एका शब्दावर माझं काम हुनार हुतं. त्यो शब्द ह्येनं चौदा वर्सं तोंडातनं काढला न्हाई. का, तर मला दावायला ठेवायचं हुतं. माझा बाप माझं नाव घेत गेला. शेवटी शेवटी त्येला दिसत नव्हतं, दार वाजलं की म्हनायचा, अंबा आला काय रं? मी हितं ह्येच्या टोप्या छापत हुतो. बापाला खांदा द्यायचा ऱ्हायला, मंडळी. त्ये काय आता कुटल्या कायद्यानं हुनार न्हाई. ह्येला मी बापाच्या जागी मानलं हुतं. ह्येच्या हाताखाली माझा खांदा झिजला. देव ह्येला लई आयुष्य देवो, आनि कदीतरी कळू दे ह्येला ह्येनं काय केलं त्ये."

माझा आवाज फाटला होता. अंगणात सामसूम झाली. डुकराची चरबी निखाऱ्यावर चुरचुरत होती तेवढीच ऐकू येत होती. साहेब मान डोलावत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले आणि माइक जवळ ओढला.

"मित्रहो," ते म्हणाले, "अँबी म्हणतोय, आणखी चौदा वर्षं थांबायची वेळ आली, तरी या देशासाठी मी हसत हसत थांबेन."

सगळे उठले. एकूण एक. टोप्या हवेत उडाल्या, बंबवाल्यांनी घंटा बडवली, बँड वाजायला लागला. एक म्हातारी पुढं येऊन माझ्या हाताचे मुके घ्यायला लागली. एवढ्या लोकांत एकटी मालन बसून होती. शेजारची बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "बिचारी, आनंदानं पार कोलमडलीय."

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. अजिबात वाटलं नाही. आपण विहिरीत ओरडलो आणि वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, असं वाटलं.

गाडीवरून उतरताना मीच साहेबांना हात दिला. दुसरं कोण देणार? पायरीवर ते थांबले. गोंगाट चालूच होता. त्यांनी तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"अँबी, आज बराच वेळ बोललास. माझं नावही नाही घेतलंस. खरंच काय म्हणालास?"

हा प्रश्न त्यांनी मला आजवर कधी विचारला नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. हनुवटी थरथरत होती, ओठाच्या कोपऱ्याला खर्ड्यातली मिरचीची बी चिकटली होती. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. इंग्रजीही मला चांगलं येत होतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काम चालू आहे, साहेब."

ते हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

त्याच वर्षी आम्ही इचलकरंजीला गेलो. आई दारात उभी होती, माझ्या आठवणीतल्या आईच्या निम्मी झालेली. तिनं आधी नातीला पोटाशी धरलं, मग मालनला, आणि मग मला म्हणाली, "आलास? तुझ्या सायबानं सोडलं व्हय?" मागाच्या खोलीत माग नव्हते. भिंतीवर वडिलांचा फोटो होता. त्याच्यापुढं मी लहान मुलासारखा रडलो, आणि कुणी मला थांबवलं नाही.

साहेब पुढं बरीच वर्षं जगले. देवानं माझं ऐकलं म्हणायचं. हॅडली फोर्कच्या वृद्धाश्रमात असायचे. त्याची फीत त्यांनी कापली नव्हती म्हणून तो चालू राहिला असावा. मी अधूनमधून रविवारी जायचो. का जाता, असं मालन विचारायची, आणि मला नीट सांगता यायचं नाही. जाताना ती बरणी द्यायची नाही, पण जाऊ नका असंही म्हणायची नाही.

प्रत्येक खेपेला साहेब तोच प्रश्न विचारायचे. "अँबी, त्या दिवशी बंबावर काय म्हणालास?" आधी हसत विचारायचे, नंतर नंतर हट्टानं, मग काकुळतीनं. हळूहळू त्यांचं सगळं पुसत गेलं. लॉरेन पुसली गेली, होरेस पुसला गेला, पक्ष तर कधीच गेला होता. ज्यांची ज्यांची कामं त्यांनी करून दिली होती, त्यातलं कुणी यायचं नाही. शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा नर्स म्हणाली, "बरं झालं आलात. यांना कुणीच आठवत नाही, पण रविवार आला की दाराकडं बघत बसतात. कुणाकडून तरी काहीतरी कळायचं राहिलंय म्हणतात."

मी त्यांच्यापुढं खुर्ची ओढून बसलो. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. नाव सापडेना. मग माझी बाही धरली.

"ते... ते काय झालं? कळलं का काही?"

सांगावं असं त्या दिवशी फार वाटलं. ओठांपर्यंत आलंही होतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नुसतं हाड लागत होतं.

"काम चालू आहे, साहेब," मी म्हणालो, आणि त्यांनी समाधानानं मान हलवली.